भाव पडले की पाडले? इंग्रजी क्रियापदांचा गुंता

वाचकाचं पत्र

बाई, सप्रेम नमस्कार. मी पंचवटीत राहते. शाळा मराठी माध्यमाची, पुढे बी.एस्सी. अ‍ॅग्री केलं. सध्या दिंडोरी रस्त्यावरच्या एका द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये क्वालिटीचं काम बघते. परदेशातल्या खरेदीदाराला रोज संध्याकाळी इंग्रजीत मेल करायची जबाबदारी माझ्याकडे आहे. गेल्या आठवड्यात रात्री लाइट गेली, जनरेटर उशिरा सुरू झाला आणि कोल्ड स्टोरेजचं तापमान शून्यावरून चार अंशांपर्यंत चढलं. मी मेलमध्ये लिहिलं, ‘वी रेझ्ड द टेम्परेचर टू फोर डिग्रीज.’ तिकडून लगेच विचारणा आली की तापमान का वाढवलंत, कोणाला विचारून वाढवलंत? साहेबांनी सगळ्यांसमोर सुनावलं. राइझ-रेझ, कम-गो, ब्रिंग-टेक, गेट-गो-टर्न यांच्या याद्या मला पाठ आहेत, पण लिहायला बसलं की सगळं एकमेकांत मिसळतं. सगळीकडे ‘इन्क्रीज’ लिहून मोकळी होऊ का? आणि त्या मेलचं आता काय करू? खुलासा अजून गेलेला नाही.

उत्तर

तू माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची, म्हणून एकेरीतच लिहिते. तुझं इंग्रजी कच्चं आहे असं हे पत्र वाचून मला अजिबात वाटलं नाही. तापमान ‘चढलं’ हे तू मराठीत अगदी अचूक लिहिलं आहेस. घोटाळा इंग्रजीत लिहिताना झाला, आणि तोही ‘रेझ्ड’ लिहिण्याच्या आधीच, ‘वी’ या पहिल्या शब्दापाशी. इंग्रजी वाक्याला कर्ता लागतोच, हे आपल्याला शाळेत इतकं घोटून शिकवतात की कर्ता सापडला नाही की आपण ‘वी’ टाकून पुढे जातो. आता तापमान ‘आम्ही’ चढवलं नव्हतं, ते चढलं होतं. ‘वी’ लिहिलंस आणि पुढचं क्रियापद त्याच्या मागे निमूट गेलं.

म्हणून ‘इन्क्रीज’चं उत्तर आधी देते. ‘इन्क्रीज’ दोन्हीकडे चालतं, वाढणे आणि वाढवणे. अडलीस तर बेलाशक वापर. पण तू ‘वी इन्क्रीज्ड द टेम्परेचर’ लिहिलं असतंस तरी तिकडून हाच प्रश्न आला असता. त्यामुळे क्रियापद निवडण्याआधी एवढंच ठरव की हे कोणी केलं, की झालं?

आणि हे ठरवण्यात मराठी माणूस इंग्रजी माणसापेक्षा जास्त तयार असतो, असं माझं ठाम मत आहे. लासलगावच्या बाजारात कांद्याचे भाव ‘पडले’ आणि भाव ‘पाडले’ या दोन वाक्यांत केवढा फरक आहे बघ. पहिल्यात आवक वाढली असेल, मागणी नसेल. बोट कोणाकडेच नाही. दुसऱ्यात थेट आरोप आहे. शेतकरी हा फरक एका काना-मात्रेवर करतो आणि कधी चुकत नाही. तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, सुटणे-सोडणे, मरणे-मारणे, चरणे-चारणे, चढणे-चढवणे, वाढणे-वाढवणे: आपल्या भाषेत या जोड्या पावलोपावली आहेत.

इंग्रजीत अशा जोड्या फार थोड्या उरल्यात. राइझ आणि रेझ ही एक. लाय आणि ले दुसरी. सिट आणि सेट तिसरी. फॉल आणि फेल चौथी: ‘फॉल’ म्हणजे पडणे आणि ‘फेल’ (नापासवालं नव्हे) म्हणजे पाडणे, तेही मुख्यतः झाड पाडण्यासाठी. ‘फॉल’चा भूतकाळही ‘फेल’च होतो, म्हणून ‘द ट्री फेल’ म्हणजे झाड पडलं, ‘दे फेल्ड द ट्री’ म्हणजे त्यांनी झाड पाडलं. पडणे-पाडणे आणि फॉल-फेल, दोन्हीकडे आतला स्वर बदलून अर्थ बदलतो. संस्कृतातल्या ‘पतति’ आणि ‘पातयति’ यांच्यातला ‘अय’ हा प्रत्यय आणि जुन्या जर्मानिक भाषांमध्ये ‘करवणे’ दाखवणारा प्रत्यय हे एकाच मूळ भाषेतून आलेले आहेत. इंग्रजीत तो प्रत्यय झिजून गेला आणि मागे स्वरातला फरक तेवढा राहिला. हे मला वर्गात शिकवतानाही फार आवडायचं, कारण मुलांच्या लक्षात यायचं की ही सोय आपल्या ओळखीची आहे, परकी नाही.

आता कसोटी सांगते. मराठी वाक्य भूतकाळात म्हण आणि कर्त्याला ‘ने’ लागतो का ते बघ. ‘ऑपरेटरने तापमान चढवलं.’ ‘ने’ आला, म्हणजे रेझ. ‘तापमान चढलं.’ ‘ने’ कुठेच नाही, म्हणजे राइझ, भूतकाळात रोझ. एक खबरदारी घे. ‘मी’, ‘आम्ही’, ‘तू’, ‘तुम्ही’ यांना हा ‘ने’ लागत नाही, म्हणून त्यांच्या जागी ‘ऑपरेटर’ किंवा ‘शेतकरी’ ठेवून वाक्य म्हणून बघ. विसरणे, शिकणे अशी काही क्रियापदं कर्म घेऊनही ‘ने’ घेत नाहीत, पण चढउताराच्या शब्दांत ही कसोटी सहसा दगा देत नाही.

पंचवटीत राहतेस, तर गोदावरीवर ही कसोटी लावून बघ. पावसाळ्यात गंगापूर धरणाचा विसर्ग वाढवतात आणि काही वेळाने रामकुंडावर पाणी चढतं. तिथल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं यावर पूर मोजणारी माणसं तुझ्या घरातच असतील. 2019 च्या ऑगस्टमधल्या पुराबद्दल इंग्रजीत लिहायचं झालं तर अधिकाऱ्यांनी दरवाजे उचलले, म्हणजे ‘दे रेझ्ड द गेट्स’. नदी चढली, म्हणजे ‘द रिव्हर रोझ’. एकाच घटनेत दोन्ही क्रियापदं आहेत आणि जबाबदारी कुठे सुरू होते ते त्यांच्यातूनच कळतं. तुझ्या खरेदीदारालाही नेमकं हेच हवं होतं. त्याच्या दृष्टीने ‘रोझ’ म्हणजे बिघाड आणि ‘वी रेझ्ड’ म्हणजे निर्णय. बिघाड समजून घेता येतो. न विचारता घेतलेल्या निर्णयावर तो जाब विचारणारच.

कोणी तुला सांगेल की ‘द टेम्परेचर वॉज रेझ्ड’ लिही, ते ऑफिशियल वाटतं. ते मुळीच लिहू नकोस. त्याचा अर्थ ‘तापमान वाढवण्यात आलं’. करणारा पडद्याआड गेला, पण आहे. उलट काहीतरी लपवताय असं वाटेल. हाच नियम ‘अडचण’ लिहिताना पाळ. अडचण आली तर ‘अ प्रॉब्लेम अरोझ’, आणि अडचण आपण मांडली तर ‘वी रेझ्ड द प्रॉब्लेम’.

चढउतार लिहिताना ‘टू’ आणि ‘बाय’ यांचीही गल्लत होते, आणि ती पैशात महाग पडते. पाणी मारुतीच्या कमरेपर्यंत चढलं, इथला ‘पर्यंत’ म्हणजे ‘टू’. पाणी दोन फुटांनी चढलं, इथला ‘नी’ म्हणजे ‘बाय’. समज, कांदा क्विंटलला 1800 होता आणि 2000 झाला. तर ‘रोझ बाय 200’ किंवा ‘रोझ टू 2000’. तुझ्या मेलमधला ‘टू फोर डिग्रीज’ बरोबर होता. तिथे ‘बाय’ लिहिलं असतंस आणि आधीचं तापमान दिलं नसतंस, तर वाचणाऱ्याला आताचं तापमान कळलंच नसतं.

उतरण्याच्या बाजूला ‘फॉल’ म्हणजे आपोआप आणि ‘लोअर’ किंवा ‘रिड्यूस’ म्हणजे कोणीतरी केलेलं. आपल्याकडे ‘द प्राइस हॅज रिड्यूस्ड’ सर्रास लिहितात. परदेशी वाचकाला ते अर्धवट वाटतं, तिथे ‘हॅज फॉलन’ लिही. ‘ड्रॉप’ मात्र ‘इन्क्रीज’सारखं दोन्हीकडे चालतं.

लाय-लेबद्दल थोडक्यात सांगते, कारण यात खुद्द इंग्रज-अमेरिकन लोकही रोज चुकतात. लाय म्हणजे पडून असणे, ले म्हणजे ठेवणे किंवा अंथरणे. अडचण एवढीच की लायचा भूतकाळही ‘ले’च होतो. पेट्या रात्रभर यार्डात पडून होत्या: ‘द बॉक्सेस ले इन द यार्ड ऑल नाइट’. मुलींनी पनेटवर, म्हणजे द्राक्षांच्या छोट्या डब्यांवर, ग्रेप गार्ड (बुरशी रोखणारा कागद) ठेवला: ‘दे लेड द ग्रेप गार्ड ओव्हर द पनेट्स’. गोंधळ वाटला तर पहिल्यासाठी ‘वेअर लेफ्ट’ आणि दुसऱ्यासाठी ‘प्लेस्ड’ लिही, कामाच्या मेलमध्ये ते जास्त स्वच्छ दिसतं.

आता येणं-जाणं. इथे मराठी आणि इंग्रजी बरीच जुळते. दोन्हीकडे आपण ऐकणाऱ्याच्या जागेवरून बघतो. ‘उद्या तुमच्या ऑफिसला येते’ हे इंग्रजीतही ‘कम’च, ‘गो’ नाही. सँपल तुमच्याकडे घेऊन येतो म्हणजे ‘ब्रिंग’, लॅबला घेऊन जातो म्हणजे ‘टेक’. मेल वाचणारा कुठे बसलाय ते डोळ्यांसमोर आण, म्हणजे हे दोन चुकणार नाहीत. पण दोन ठिकाणी जपायला हवं. घरातून निघताना आपण ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो, कारण ‘जाते’ म्हणणं अशुभ वाटतं. व्हिडिओ कॉल संपवताना त्याच सवयीने ‘आय अ‍ॅम कमिंग’ म्हटलंस तर समोरचा तुझी वाट बघत बसेल. तिथे ‘आय हॅव टू गो’ हेच बरोबर. दुसरं, कोणी हाक मारली की आपण जागचं न हलता ‘आले, आले’ म्हणतो. इंग्रजीत तिथे भूतकाळ नाही, ‘कमिंग’.

तुझ्या कामात याहून महत्त्वाचा आहे तो ‘निघणे’ हा शब्द, म्हणजे ‘लीव्ह’. यावर जरा थांब. कंटेनर न्हावा शेवा बंदराला निघाला, हे ‘द कंटेनर लेफ्ट फॉर न्हावा शेवा’. यातला ‘फॉर’ गळला आणि ‘द कंटेनर लेफ्ट न्हावा शेवा’ झालं की अर्थ उलटतो: कंटेनर न्हावा शेवाहून निघाला, म्हणजे बोटीवर चढून समुद्रात गेला. रॉटरडॅमला बसलेला माणूस त्यावरून पुढच्या तारखा लावेल आणि तुझा रीफर, म्हणजे थंड कंटेनर, अजून कसारा घाटातच असेल. मराठीत ‘ला’ आणि ‘हून’ हे प्रत्यय दिशा सांगतात. इंग्रजीत ‘लीव्ह’च्या पुढे काहीच नसेल तर ते सोडून आलेलं ठिकाण, ‘फॉर’ असेल तर जायचं ठिकाण. ‘लेफ्ट टू न्हावा शेवा’ लिहू नकोस, आणि नुसत्या ठिकाणाआधी ‘फ्रॉम’ही नको. पॅकहाऊसमधून निघाला म्हणजे ‘लेफ्ट द पॅकहाऊस’. पोचण्याचंही असंच. ‘रीच’ला मध्ये काही चालत नाही, ‘रीच्ड द पोर्ट’. ‘अराइव्ह’ला लागतं: बंदर, स्टेशन अशा ठिकाणी ‘अ‍ॅट’, शहरात किंवा देशात ‘इन’.

राहिलं ‘होणे’. मराठीत लाल होतं, मऊ होतं, उशीर होतो, सुपरवायझर होतो, सगळं एका शब्दात भागतं. इंग्रजीत त्याचे चार-पाच तुकडे आहेत, आणि गेट-गो-टर्नच्या याद्या पाठ करून ते येत नाहीत असं मला वाटतं. वापरात एकेक पकडावे लागतात. कामापुरतं सांगते. पद किंवा नातं आलं की ‘बिकम’: ‘शी बिकेम अ सुपरवायझर’, इथे ‘गेट’ अजिबात नाही. बोलताना गुणांसाठी ‘गेट’, लेखी रिपोर्टमध्ये तेच ‘बिकम’. रंग बदलला की ‘टर्न’: देठ तपकिरी पडले, ‘द स्टेम्स टर्न्ड ब्राउन’. वयालाही ‘टर्न’ चालतं, ‘शी टर्न्ड ट्वेंटी-फाइव्ह’. हळूहळू, जाणवत जाणवत झालेलं असेल तर ‘ग्रो’.

‘गो’ मात्र बहुतेक वेळा बिघडण्याकडे नेतं. ‘गो बॅड’, ‘गो सावर’, ‘गो मोल्डी’, ‘गो राँग’. हे आपल्याला जड जाऊ नये. आपणही म्हणतो की माल सडून गेला, दूध वाया गेलं, बाग हातची गेली. ‘जाणे’ आपल्याकडेही नुकसानीला लागतं. म्हणून मण्यांबद्दल ‘वेंट सॉफ्ट’ लिहिताना विचार कर. पेटीतले मणी मऊ पडले, ही तक्रार असेल तर ‘वेंट सॉफ्ट’ अगदी योग्य. पण बागेत मण्यांत पाणी उतरायला लागलं, म्हणजे ते पिकू लागले, ही तर चांगली बातमी. तिथे ‘द बेरीज हॅव बिगन टू सॉफन’ लिही. मणी दोन्हीकडे मऊच होतायत, पण पहिलं वाक्य वाचून खरेदीदार क्लेमची, म्हणजे नुकसानभरपाई मागण्याची, तयारी करेल. आजारी पडणे, झोप लागणे यांना ‘फॉल’ आहे, ‘फॉल इल’, ‘फॉल अस्लीप’. ‘आजारी पडणे’ तर शब्दशः जुळतं.

तू विचारलं नाहीस, पण तुझ्या रोजच्या मेलमध्ये हटकून येणारा एक शब्द सांगून टाकते. मण्यांचा आकार 16 ते 18 मिलिमीटर आहे, कमी-जास्त होतो, याला ‘चेंजेस’ नाही, ‘व्हेरीज’. ‘चेंजेस’ म्हटलं तर तोच मणी आज एक आणि उद्या दुसरा असं होईल. आणि मेलच्या शेवटी ‘प्लीज रिव्हर्ट’ लिहीत असशील तर ‘प्लीज रिप्लाय’ कर. आपल्या ऑफिसांमध्ये रिव्हर्ट म्हणजे उत्तर देणे हे सगळ्यांना कळतं, परदेशात त्याचा पहिला अर्थ पूर्वीच्या स्थितीवर जाणे असाच आहे. तापमानाच्या मेलखाली हा शब्द असेल तर तो भलताच वाचला जाईल.

साहेबांनी सगळ्यांसमोर बोलायला नको होतं. रोजची मेल एकटीने सांभाळणाऱ्या मुलीला ती पाठवण्याआधी कोणीतरी एकदा वाचून देईल एवढी सोय पॅकहाऊसने करायला हवी, आणि हे तू त्यांना शांतपणे सांगावंस. हंगामात दिवसभर उभं राहून, मग संध्याकाळी थकलेल्या डोळ्यांनी लिहिलेल्या मेलवर लाखोंचा माल अवलंबून असतो.

आणि तो खुलासा आजच पाठव. एक आठवडा झाला म्हणून संकोच करू नकोस. उशिरा का होईना, गेलेला खुलासा फाइलमध्ये राहतो, आणि कंटेनर तिकडे उघडल्यावर क्लेम आलाच तर तीच फाइल उघडली जाते. मजकूर साधा ठेव: ‘द पॉवर वेंट आउट अ‍ॅट नाइट अँड द जनरेटर स्टार्टेड लेट. द टेम्परेचर इन द स्टोअर रोझ फ्रॉम झिरो टू फोर डिग्रीज. वी डिड नॉट चेंज द सेटिंग. इन माय अर्लियर मेल आय रोट दॅट वी रेझ्ड इट. दॅट वॉज द राँग वर्ड.’ यातलं ‘वी डिड नॉट चेंज द सेटिंग’ हे वाक्य गाळू नकोस, त्यांच्या प्रश्नाचं खरं उत्तर तेच आहे. सोबत डेटा लॉगरचा, म्हणजे तापमान नोंदवणाऱ्या यंत्राचा, त्या रात्रीचा ग्राफ जोड. ग्राफ जोडताना सेट पॉइंटची (आपण ठरवून दिलेल्या तापमानाची) रेघ सरळ आहे आणि हवेच्या तापमानाची रेघ वर गेली आहे, हे दोन्ही दिसेल असाच तुकडा घे. तापमान किती वेळ वर होतं आणि परत शून्यावर कधी आलं ते घड्याळाच्या वेळेसह लिही. परत आलं त्याला ‘केम बॅक टू झिरो’. त्या रात्री मण्यांच्या गराचं तापमान मोजलं असेल तर तोही आकडा दे, कारण हवा चार अंशांवर गेली तरी गर तितक्या लवकर तापत नाही आणि खरेदीदाराला काळजी गराची असते. मोजलं नसेल तर त्याबद्दल काही लिहू नकोस. पाठवण्याआधी मेल साहेबांना दाखव आणि त्यांना कॉपीत ठेव.